आधी वाजलेली ओळ

"नाटकात ड्रमवाल्याचं नाव कुणी विचारायला लागलं, की समजायचं, आज काहीतरी बिघडलंय," असं एजाज शिकलगार एकदा म्हणाला होता.

म्हणाला तेव्हा तो थिएटरच्या मागच्या दारापाशी चहाचा कागदी कप धरून उभा होता. आजूबाजूचे हसले, तोही हसला. पण त्याने ते विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. लक्षात न येणं हाच त्याचा धंदा होता. प्रेक्षकाला नट दिसावा, गाणं ऐकू यावं, आणि त्याच्या खाली काहीतरी आहे, जमिनीसारखं, एवढंच जाणवावं. जमीन बघायला कुणी तिकीट काढत नाही.

त्याचे वडील मैनुद्दीन लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात मात्र घरच्याच चपला. वरात ही मोठी बेभरवशाची गोष्ट असते. घोडी अडते, नवऱ्याच्या मामाला अजून नाचायचं असतं, समोरून पाण्याचा टँकर येतो. वरात थांबली की गाणं लांबवायचं आणि निघाली की तुटल्यासारखं न वाटता संपवायचं, हे सगळं साइड ड्रमवाल्याच्या हातात. कसब्याच्या गल्ल्यांतून एजाज वडिलांच्या बाजूने चालायचा आणि स्वतःच्या मांडीवर ठोके मारायचा. "सामनेवाले के पाँव देख," मैनुद्दीन म्हणायचे. "अपने हाथां क्या देखता?"

त्याचं शिक्षण झालं ते एवढंच. पुढे तो ऑर्केस्ट्रात गेला आणि तिथून स्टुडिओत. कॅसेटींचा काळ होता. गणपतीची गाणी ऐन चैत्रात रेकॉर्ड व्हायची. आवाज माइकमध्ये जातो म्हणून पंखासुद्धा बंद, आणि बनियनवर बसलेला एजाज घामाने निथळत बाप्पाच्या आगमनाचा जल्लोष वाजवायचा. कुणी खोचकपणे विचारलंच, की शिकलगार, तुम्ही आणि गणपतीची गाणी? तर म्हणायचा, "अहो, मी चार मात्रांचा माणूस. देव कुठला आहे ते गाणाऱ्याला विचारा." कॅसेटच्या कव्हरवर गायकाचं नाव असायचं, संगीतकाराचं, मग तबला, मग बासरी, आणि शेवटी बारीक अक्षरात 'आणि सहकारी'. लग्न झाल्यावर त्याने यास्मिनला पहिली कॅसेट दाखवली तेव्हा ती म्हणाली, "यात तुम्ही कुठं?" त्याने त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. तिने कव्हर उजेडात धरलं. "एवढ्याशा जागेत कितीजण कोंबलेत हो," ती म्हणाली.

मग संगणक आले. एजाजला कुणी काढून टाकलं नाही, फक्त बोलावणं थांबलं. ज्या खोलीत त्याचे ड्रम मांडलेले असायचे तिथे एका स्टुडिओने सोफा टाकला. संच माळ्यावर गेला. काही वर्षं त्याने शाळांमधून संचलनाचा बँड शिकवला. सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्ट यांच्यामध्ये फार मोठी पोकळी असते, हे त्याला त्या वर्षांत कळलं.

माळ्यावरून त्याला खाली आणलं ते सुदर्शनने. हा तरुण संगीतकार एक नवं संगीत नाटक करत होता. "एजाजभाई, सगळं जिवंत वाजणार. मी कीबोर्डवर, तुम्ही ड्रमवर. नट जसा श्वास घेईल तसं आपण जायचं." नाटकाचं नाव होतं 'खालच्या मजल्यावरची बाई'. त्यात एक घरमालकीण आणि तिचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. ती अर्धं बोलते, अर्धं गाते आणि गाता गाता एकेकाची लायकी काढते. पुण्यात ते चालणार हे उघड होतं. घरमालकिणीच्या भूमिकेत प्रियदर्शनी आगाशे. साठी ओलांडलेली, नारायण पेठेत राहणारी, उभं आयुष्य रंगभूमीवर काढलेली बाई. सगळे तिला प्रियाताई म्हणत.

पहिल्याच तालमीला त्यांनी त्याच्या मांडणीकडे चष्म्यावरून पाहिलं. "हे काय रे, भांड्यांचं दुकान काढलंस का?"

"आवाज होणार नाही, ताई."

"होऊ दे की. फक्त माझ्यापेक्षा कमी होऊ दे."

तो विंगेत बसायचा. मोठ्या ड्रमच्या पोटात यास्मिनची जुनी गोधडी कोंबलेली, हातात काठ्यांऐवजी तारांचे ब्रश. तिथून त्याला प्रियाताईंचा एक गाल दिसायचा, मान दिसायची आणि मानेवरची ती शीर, जी ओळ सुरू होण्याआधी किंचित ताणली जाते. प्रेक्षकांना जे चेहऱ्यावर दिसायचं ते त्याला त्या शिरेत आधी कळायचं. वरातीतले पाय आणि ही शीर, त्याला काही फरक वाटला नाही.

नाटक चाललं. रविवार दुपारचे प्रयोग भरू लागले. आणि अशाच एका दुपारी दुसऱ्या अंकात ती शीर ताणली गेली, पण ओळ आली नाही.

नळाचं गाणं होतं. 'सातला नळ जातो, आठला तुम्ही उठता, आणि नऊला मला विचारता, बाई, पाणी का नाही!' सुदर्शनने सुरावट एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. प्रियाताई खिडकीपाशी उभ्या होत्या, चेहऱ्यावर घरमालकिणीचा तोरा तसाच, पण डोळे रिकामे. एजाजच्या हाताने ब्रश उचलला आणि ती ओळच ड्रमवर वाजवली. शब्दांशिवाय, नुसती तिची चाल. कुठे जड पडते, कुठे पळते, कुठे दम घेते. वाजून संपली आणि त्याच जागी प्रियाताईंच्या तोंडून शब्द आले, खणखणीत. प्रेक्षक हसले. आधी ड्रम बडबडतो आणि मग बाई तेच बोलते, त्यांना ही गंमत वाटली.

प्रयोगानंतर सुदर्शन पळत आला. "काय सुचलं हो तुम्हाला! ठेवू या. पुढच्या प्रयोगापासून पक्कं."

एजाज म्हणाला, "नाही, ते म्हणजे..."

"लाजता काय? कमाल होती!"

नाटकवाल्यांच्यात नट विसरला असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, सांभाळून घेतलं. कुणाचा झब्बा फाटतो, कुणाची एन्ट्री चुकते, टेबलावरचा फोन वाजायचा तिथे वाजत नाही. बाकीचे सांभाळून घेतात आणि विंगेत आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. हा तिथला सगळ्यात मोठा गुण समजला जातो. एजाजने तो गुण वडिलांच्या शेजारी चालताना उचलला होता, आणि त्यात काही वाईट असू शकेल अशी शंकासुद्धा त्याला कधी आली नव्हती.

मग पुढच्या दीड-दोन वर्षांत ते वरचेवर व्हायला लागलं. आधी गाण्यांत, मग संवादांत. आज एके ठिकाणी, पुढच्या वेळी भलत्याच ठिकाणी. तो मानेवर नजर ठेवून बसायचा. एका वर्तमानपत्रात छापून आलं, की या नाटकात ताल हा पात्राच्या मनाचा पूर्वध्वनी आहे. सुदर्शनने ते कात्रण मेकअपच्या खोलीत आरशाला चिकटवलं. खाली कुणीतरी पेनने लिहिलं, 'म्हणजे काय?'

त्या आरशासमोर बसून खोबरेल तेलाने रंग पुसता पुसता प्रियाताई एका संध्याकाळी म्हणाल्या, "एजाज, दार लोटून घे."

त्याने लोटलं.

"तू काय करतोस ते मला कळतं बरं का."

तो उभा राहिला.

"शब्द जातात रे. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नाही. मग तुझं वाजतं आणि पायरी येते."

"ताई, डॉक्टरांना एकदा..."

"डॉक्टर म्हटलं की नम्रताला कळणार. नम्रताला कळलं की मी घरी." नम्रता त्यांची मुलगी, बाणेरला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि आईजवळच राहायची. "घरी बसून काय करू? भिंतींना संवाद म्हणू? प्रेक्षक निदान खोकतात तरी."

त्याला हसू आलं आणि तिथेच तो फसला.

"कुणाला सांगायचं नाही. शपथ घालणार होते, पण तुला कुठल्या देवाची घालायची ते मला माहीत नाही."

"नाही सांगत, ताई."

"उद्या आहेस ना?"

"आहे."

हा शेवटचा प्रश्न त्या मग प्रत्येक प्रयोगानंतर विचारू लागल्या. उद्या प्रयोग नसला तरीही.

नाटक बंद पडलं तर त्याचाही संच परत माळ्यावर जाणार होता. आपण गप्प आहोत ते त्यांच्यासाठी की स्वतःसाठी, हे त्याने स्वतःला विचारून पाहिलं. प्रश्न तसाच राहिला, दाढेत अडकलेल्या सुपारीसारखा. घरी जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर दुसरा अंक वाजवत असायची. यास्मिनने एकदा ताट उचललंच.

"तिच्या मुलीला सांगा," ती म्हणाली. यास्मिनला त्याने सांगितलं होतं. तिच्यापासून लपवून त्याला झोप लागत नसे.

"शब्द दिलाय."

"उद्या तिच्या घरात गॅस चालू राहिला, तर तिथं ड्रम वाजवायला जाणार आहात का?"

पुढच्या रविवारी तो ठरवून पार्किंगमध्ये थांबला. नम्रता आईला न्यायला यायची. ती आली, कानात फोनचे बोळे, बोलत बोलत. त्याला बघून तिने एक बोट वर केलं, थांबा. तो थांबला. बोलणं संपलं.

"एजाजकाका! आज मी मागे उभी राहून पाहिलं शेवटचं. काय करते हो आई! घरी अगदी गप्प गप्प असते. मला वाटतं हिला काही होतंय का, आणि इथं बघावं तर दोन तास एक शब्द इकडचा तिकडे नाही. तुमच्या नाटकाने हिला धरून ठेवलंय."

प्रियाताई तिच्या मागून येत होत्या. पर्स छातीशी धरलेली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान अगदी किंचित हलवली.

"काही म्हणत होतात का काका?"

"नाही. जपून जा. लकडी पुलावर गर्दी असेल."

पावसाळ्याच्या शेवटी त्याला डेंगी झाला. अंगात ताप, प्लेटलेट उतरलेल्या, हाताला सलाइन. प्रयोगाची तिकिटं गेलेली होती. सुदर्शनने योगेश नावाचा एक चांगला मुलगा आणला. एजाजने त्याला दवाखान्यातून फोन केला.

"तिच्या मानेकडं बघ. ओळ यायच्या आधी वाजवायची."

"हो सर. रेकॉर्डिंग ऐकलंय मी. कुठं कुठं येतं ते सगळं मार्क केलंय. शंभर टक्के तुमच्यासारखंच वाजेल."

"मार्क केलेलं नको. तिला लागेल तिथं वाजव."

"लागेल तिथं म्हणजे?"

एजाजने डोळे मिटले. शेजारच्या खाटेवरचा माणूस मोसंबी सोलत होता. एक वाक्य बोललं की झालं असतं. "म्हणजे... बघ तुझ्या परीने," तो म्हणाला.

योगेशने एकही ठोका चुकवला नाही. मागच्या महिन्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रियाताई जिथे जिथे अडल्या होत्या तिथे तिथे त्याने चोख वाजवलं. त्या दिवशी त्या दुसरीकडेच अडल्या. एकदा सावरल्या. दुसऱ्यांदा विंगेकडे वळून पाहिलं आणि तिथे अनोळखी मुलगा बसलेला दिसला. मग त्या रंगमंचाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "तो कुठंय?" हा संवाद नाटकात नव्हता. प्रेक्षक तरीही हसले. त्यांनी पुन्हा विचारलं, मग मोठ्याने विचारलं, आणि हसणं विझत गेलं. सुदर्शनने पडदा पाडायला लावला.

हे सगळं एजाजला फोनवर कळलं. ताप उतरला तरी त्याच्या पायांतलं त्राण पुष्कळ दिवस परतलं नाही, आणि ते एका परीने बरंच झालं, कारण तोवर त्याला कुठे जाता येत नव्हतं. मग ते निमित्तही संपलं. तो नारायण पेठेत गेला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं. वाक्य साधं होतं. ताई दोन वर्षांपासून विसरत होत्या, मला माहीत होतं, त्यांनी सांगू नको म्हटलं म्हणून सांगितलं नाही. चालताना तो ते मनात घोळवत राहिला, आणि घोळवता घोळवता त्याचीही एक चाल झाली, ती पायांनी धरली, आणि अर्थ त्यातून गळून गेला.

दार नम्रताने उघडलं. प्रियाताई आतल्या खुर्चीत बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, अंगात गाऊन. एजाजने त्यांना गाऊनमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "आपण कोणाकडे आलात?"

"मी एजाज, ताई."

"अच्छा, अच्छा. चहा घेणार ना आपण?"

आजवर त्यांनी त्याला अरेतुरेशिवाय हाक मारली नव्हती.

नम्रता पाणी घेऊन आली आणि समोर बसली. तिने रजा घेतली होती. चेहरा उतरला होता, पण आवाजात राग नव्हता, आणि तेच एजाजला जड गेलं. "डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, दोन-तीन वर्षं तरी चाललं असणार. मी म्हटलं शक्यच नाही, मी स्वतः प्रयोग पाहिलेत. घरी बोलायची नाही, मला वाटायचं दमलीय. ते म्हणाले, आधी आला असतात तर गोळ्यांनी थोडा वेळ हाती लागला असता. लागला असताच असं नाही म्हणाले. कदाचित म्हणाले." ती ग्लासवरचं पाणी बोटाने पुसत राहिली. "काका, तुम्ही तिच्या सगळ्यात जवळ बसायचात. तुम्हाला कधी काही वेगळं नाही वाटलं?"

आता बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात प्रियाताई उठल्या. "मला निघायला हवं. उशीर झाला. माझं ते... माझं ते कुठंय?" त्या हाताने हवेत काहीतरी शोधायला लागल्या.

"आई, काय हवंय? चष्मा? पाणी?"

"नाही गं. माझं ते... ते..." आवाज चढला. नम्रताने खांदे धरले तर त्यांनी झटकले. "दिवसातून दहादा होतं हे," नम्रता एजाजला म्हणाली, "काय हवंय तेच सांगता येत नाही तिला."

मानेवरची शीर ताणलेली होती. एजाजने ती पाहिली. पुढचं त्याने केलं नाही, त्याच्या बोटांनी केलं. खुर्चीच्या लाकडी हातावर ओळ वाजली, नळाच्या गाण्याची, कुठे जड, कुठे पळती.

प्रियाताई थांबल्या. पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली. "सातला नळ जातो," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आठला तुम्ही उठता, आणि नऊला मला विचारता, बाई, पाणी का नाही!"

नम्रता हसली. डोळ्यांत पाणी असताना ती मोकळी हसली. "काका! परत वाजवा ना. परत!"

त्याने थांबायला हवं होतं. पण प्रियाताई त्याच्याकडे बघत होत्या, विंगेकडे बघायच्या तशा. त्याने पुढची ओळ वाजवली. त्या बोलल्या. त्याने आणखी एक वाजवली. त्या बोलल्या, हातवारे करून, वरच्या मजल्याकडे बोट दाखवून.

नम्रताचं हसणं कमी कमी होत गेलं. ती त्याच्या बोटांकडे बघत होती, मग आईच्या ओठांकडे, मग पुन्हा बोटांकडे.

"आधी वाजतं," ती म्हणाली. "नाटकातसुद्धा आधीच वाजायचं. ते पेपरात आलं होतं ते..."

एजाजचा हात खुर्चीवर होता.

"कधीपासून, काका?"

"पुढे?" प्रियाताई म्हणाल्या. त्या खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, एक हात वर, चेहरा त्याच्याकडे. "पुढे काय आहे?"

"तुम्हाला माहीत होतं," नम्रता म्हणाली.

एजाजने हात लाकडावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. प्रियाताईंचा वरचा हात हळूहळू खाली आला आणि त्या पुन्हा हवेत काहीतरी शोधायला लागल्या. नम्रता आपल्या जागेवरून हलली नाही, ती उत्तराची वाट बघत होती. तो उठला. दोघींपैकी एकीकडेही त्याला बघवलं नाही. दारापाशी वाकून त्याने चपला सरळ केल्या, पायात घातल्या, आणि बाहेर पडला.